कोमल गंधाराच्या वाटेनं रॉककडे

जबलपुरात राणीतालाजवळ चेरीताल आहे. राणी दुर्गावतीनं राणीताल बांधवला, तिच्या दासीच्या नावानं चेरीताल आणि दिवाण आधारसिंहाच्या नावानं आधारताल झाला, असं शहरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. १७९८ ते १८१७ या काळात जबलपूर नागपूरकर भोसल्यांकडे होतं. पुढे रेल्वे, कारखाने आणि शाळा-महाविद्यालयांच्या नोकऱ्यांमुळे आणखी मराठी कुटुंबं इथे आली. अशा घरांत बाजाची पेटी अजून सापडते. भजनासाठी घेतलेली, गणपतीत बाहेर निघणारी, एरवी कापडाखाली झाकून ठेवलेली. त्याच घरातली नातवंडं आता गिटार मागतात आणि महिना-दोन महिन्यांत ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ वाजवण्याचा हट्ट धरतात.

हा लेख त्या नातवंडांसाठी आहे. पेटी वाजवणारी जी वडीलधारी माणसं दाराआडून ते गाणं ऐकतात आणि ‘याच्यात नेमकं काय आहे?’ असं विचारतात, त्यांच्यासाठीही आहे. दोघांना उत्तर एकाच वाद्यावर मिळू शकतं.

‘मायनर म्हणजे उदास’ हे उत्तर सगळीकडे तयार असतं. त्याला थोडा आधारही आहे. केट हेव्हनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९३५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात त्याच रचना मेजर आणि मायनर अशा दोन्ही रूपांत लोकांना ऐकवल्या होत्या. ऐकणाऱ्यांनी मेजरला आनंदी, उजळ अशी विशेषणं दिली आणि मायनरला उदास, हळवी. पण ते ऐकणारे पाश्चात्त्य संगीतावर वाढलेले होते. मराठी कानाला हे उत्तर पुरत नाही. होळीच्या होरी ज्या काफीत गातात, त्या काफीत गंधार कोमलच असतो. भीमपलास, बागेश्री, धानी यांतही तो कोमल. मैफल संपवणाऱ्या भैरवीत तर रिषभ, गंधार, धैवत आणि निषाद चारही कोमल, तरीही भैरवी ऐकून माणसं तृप्त होऊन घरी जातात. तेव्हा कोमल गंधार आला की रडू आलंच पाहिजे, असा नियम आपल्याकडे कधीच नव्हता.

मग ओढ कशाची असते? एकटी मायनर कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवलेला स्वरांचा गट, फार काही करत नाही. पेटीवर ती धरून ठेवली तर थोड्या वेळानं कंटाळाच येतो. रॉकमधली जी मायनर गाणी पन्नास-पन्नास वर्षं टिकली, त्यांत त्या कॉर्डनंतर काय येतं आणि कोणता स्वर कुठे सरकतो, याला सगळं महत्त्व आहे. हे वाचून कळत नाही, बोटांनी करून पाहावं लागतं.

सुरुवात पेटीनंच करावी. पांढरी सहा हा षड्ज धरावा आणि काळ्या पट्ट्यांना हात न लावता वरच्या पांढरी सहापर्यंत जावं. गंधार, धैवत आणि निषाद कोमल लागतात. हा झाला भातखंड्यांच्या वर्गीकरणातला आसावरी थाट, आणि गिटारवाले ज्याला ए मायनर म्हणतात तो हाच स्वरसमूह. षड्ज पांढरी दोनवर नेला आणि पुन्हा फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवल्या, की काफी थाट निघतो. पांढरी तीनवरून भैरवी. आणि पांढरी एकवरून तोच समूह वाजवला तर बिलावल, म्हणजे सरळ सी मेजर. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी रागांची दहा थाटांत मांडणी केली तेव्हा त्यांच्यासमोर रॉक नव्हतं. त्यांचं निधन १९३६ साली झालं. पण त्यांच्या मांडणीमुळे पेटी शिकलेल्या मुलाला गिटारच्या पुस्तकातले तीन-चार ‘मोड’ आधीच पाठ असतात. हा फायदा मोठा आहे आणि गिटारच्या शिकवणीत तो बहुतेकदा वाया जातो.

आता कॉर्ड. सा, कोमल ग आणि प एकदम दाबले की मायनर. गंधार शुद्ध केला की मेजर. मेजर कॉर्डमधल्या तीन स्वरांच्या कंपनसंख्यांचं प्रमाण ४:५:६ असं सोपं आहे. मायनरमध्ये ते १०:१२:१५ होतं. आकडे मोठे झाले म्हणजे स्वर एकमेकांत तितके सहज विरघळत नाहीत, थोडी घर्षणाची जाणीव राहते. शिवाय पेटी आणि गिटार दोन्हींवर कोमल गंधार नैसर्गिक जागेपेक्षा जरा खाली बसवलेला असतो. सहास पाच या प्रमाणातला गंधार षड्जापासून सुमारे ३१६ सेंट वर असतो (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग), पेटीवर तो ३०० वर आहे. कसलेला गायक तो जिथे हवा तिथे लावतो. दरबारीतला आंदोलित गंधार ज्यांनी लक्ष देऊन ऐकला आहे, त्यांना या फरकाची किंमत सांगावी लागणार नाही.

आता पांढरी सहाच्या षड्जावरून एक उतरती ओळ वाजवावी: पांढरी सहा, काळी चार, पांढरी पाच, काळी तीन, पांढरी चार, पांढरी तीन. सरगमात सांगायचं तर सां, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, प. बहुतेक रागांत एकाच स्वराची दोन रूपं अशी लागोपाठ येत नाहीत. ललितातले दोन मध्यम हा ठळक अपवाद. त्यामुळे ही ओळ आपल्या कानाला चमकावते. प्रत्येक पायरीवर वाटतं की आता थांबेल, आणि ती आणखी अर्धा स्वर खाली जाते.

पाश्चात्त्य संगीतात ही ओळ फार जुनी आहे. हेन्री पर्सेलच्या ‘डायडो अँड ईनियस’ या सतराव्या शतकातल्या संगीतिकेत राणी डायडो मरणापूर्वी जे गाते, त्याच्याखाली खर्जात अगदी हेच सहा स्वर याच क्रमानं उतरत राहतात. लेड झेपलिनच्या १९७१ सालच्या ‘स्टेअरवे टू हेवन’च्या आरंभी जिमी पेजची गिटार सांपासून अर्ध्या-अर्ध्या स्वरानं उतरत कोमल धैवतापर्यंत येते आणि पंचमाला न शिवता परत फिरते. अपुरेपणाची जी हुरहुर त्या सुरुवातीत आहे, ती त्या न गाठलेल्या पंचमाची आहे.

‘हॉटेल कॅलिफोर्निया’त हीच ओळ लपवलेली आहे. ईगल्स या बँडचा याच नावाचा अल्बम डिसेंबर १९७६ मध्ये आला आणि गाण्याचा कॉर्डांचा साचा त्यांच्यातल्या डॉन फेल्डरनं बसवला. कडव्यात आठ कॉर्ड आहेत: बी मायनर, एफ शार्प, ए, ई, जी, डी, ई मायनर आणि पुन्हा एफ शार्प. कागदावर त्या इकडून तिकडे उड्या मारताना दिसतात. पण प्रत्येकीतला एकेक स्वर उचलून पाहावा. पहिलीत षड्ज, दुसरीत शुद्ध निषाद, तिसरीत कोमल निषाद, चौथीत शुद्ध धैवत, पाचवीत कोमल धैवत, सहावीत पंचम. डायडोची ओळ पुरी झाली. वरवर कॉर्ड भटकतात आणि आत एक स्वर निमूट जिना उतरत असतो. ऐकणाऱ्याला तो जिना वेगळा दिसत नाही, फक्त आपण खाली-खाली ओढले जात आहोत हे जाणवतं. शेवटच्या एफ शार्पमध्ये शुद्ध निषाद परत येतो आणि वरच्या षड्जाकडे इतका जोर करतो की कडवं पुन्हा सुरू व्हावंच लागतं.

गिटार नव्यानं हातात घेतलेल्यानं हे मूळ पट्टीतल्या कॉर्डांनी वाजवायला जाऊ नये. बोटं दुखतील आणि उत्साह मावळेल. गिटारच्या दुसऱ्या पट्टीवर, म्हणजे फ्रेटवर, कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावावा आणि ए मायनर, ई, जी, डी, एफ, सी, डी मायनर, ई हे आकार धरावेत. आवाज मूळ गाण्याच्या पट्टीतच येतो. यातली एकटी एफ त्रास देते. तिच्याऐवजी एफ मेजर सेव्हन्थ धरावी, पहिली तार मोकळी सोडून. कोमल धैवताच्या कॉर्डमध्ये पंचमाची ती मोकळी तार वाजते आणि कॉर्ड अधिकच हळवी लागते. जिमी पेजच्या त्या उतरणीच्या शेवटीही हीच कॉर्ड आहे. ए मायनर आणि ई यांचा बोटांचा आकार तोच, फक्त एक तार सरकलेला. ए मायनरवरून सीवर जाताना एकच बोट हलतं. मायनर गाणी नवशिक्यांच्या हाती लवकर बसतात, त्याचं एक कारण इतकं साधं, लाकडाचं आणि बोटांचं आहे.

दुसरं गाणं घ्यावं ‘द हाउस ऑफ द रायझिंग सन’. मूळ लोकगीत, पण जगानं ते ऐकलं द अॅनिमल्स या इंग्रज बँडकडून, १९६४ साली. ए मायनर, सी, डी, एफ अशी सुरुवात. सहा मात्रांचा झोका असल्यामुळे दादरा जाणणारा तबलजी पहिल्या आवर्तनापासून साथ करू शकतो, आणि घरात तबला असेल तर जरूर करावी. गंमत तिसऱ्या आणि चौथ्या कॉर्डमध्ये आहे. डी मेजरमध्ये शुद्ध धैवत आहे, लगेच पुढच्या एफमध्ये कोमल. म्हणजे दोन कॉर्डांत गाणं काफीतून आसावरीत उतरतं. पेटीवाल्यानं फक्त काळी तीन, पांढरी चार, पांढरी तीन एवढेच स्वर त्या जागी लांबवून वाजवावेत. गाण्याचं मर्म त्या तीन पट्ट्यांत सापडेल.

याच्या उलट एक जात आहे, जी शुद्ध निषादाला जवळच येऊ देत नाही. बॉब डिलनचं ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’ जिमी हेंड्रिक्सनं १९६८ मध्ये आपलं करून टाकलं. त्यात कॉर्डांचं चक्र षड्ज, कोमल निषाद, कोमल धैवत, पुन्हा कोमल निषाद एवढ्यावरच फिरतं. षड्जाकडे ढकलणारा शुद्ध निषाद नसल्यामुळे कुठेच पक्का मुक्काम होत नाही. गाणं संपतं तेही संपल्यासारखं वाटत नाही. ‘स्टेअरवे’चा शेवटचा, जोराचा भाग याच तीन कॉर्डांवर उभा आहे. तर रे चार्ल्सच्या १९६१ सालच्या ‘हिट द रोड जॅक’मध्ये आणि डायर स्ट्रेट्सच्या १९७८ सालच्या ‘सुलतान्स ऑफ स्विंग’मध्ये तीच उतरण पंचमाच्या मेजर कॉर्डपर्यंत जाते आणि शुद्ध निषाद दार उघडतो. ए मायनर, जी, एफ आणि परत जी असं वाजवावं. मग ए मायनर, जी, एफ, ई असं. दोन्ही पाच-पाच मिनिटं. शेवटच्या एका कॉर्डनं मनाची अवस्था बदलते, हे हातांना एकदा कळलं की पुढे नवं गाणं ऐकताना कान आपोआप त्या जागी टवकारतात.

मोठ्या आवाजाच्या, गिटार फाटल्यासारखी वाजणाऱ्या गाण्यांत तर एक नवलच घडतं. तिथे मायनर कॉर्ड बहुतेक वेळा नसतेच. अॅम्प्लिफायरमधून आवाज मुद्दाम फाडला की तारांच्या स्वरांतून बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे स्वर उत्पन्न होतात. सा आणि प यांचं दोनास तीन हे प्रमाण सोपं असल्यानं ती जोडी हा भार पेलते. त्यात कोमल गंधार घातला की आवाज गढूळ होतो. म्हणून रॉकवाले गंधार गाळून फक्त सा-प वाजवतात आणि त्याला पॉवर कॉर्ड म्हणतात. मग गाणं मायनर आहे हे कळतं कशावरून? निर्व्हानाच्या १९९१ सालच्या ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’मध्ये चार पॉवर कॉर्ड आहेत आणि त्यांचे मूळ स्वर सा, म, कोमल ग, कोमल ध असे आहेत. जो गंधार कॉर्डमध्ये नाही तो त्यांच्या चालीत आहे. बाकीचं काम गळा करतो.

तंबोऱ्याचीही रीत हीच आहे. पंचम आणि षड्ज तारांवर, गंधार गवयाच्या गळ्यात. नीट जुळलेल्या तंबोऱ्यातून तर स्वयंभू गंधार ऐकू येतो, आणि तो शुद्ध असतो, कारण तारेचा पाचवा उपस्वर तोच आहे. त्या शुद्ध गंधाराच्या सावलीवर आसावरीचा किंवा दरबारीचा गायक कोमल गंधार ठेवतो, तेव्हा जो ताण निर्माण होतो तोच फाटक्या गिटारवर मायनर चाल गाणाऱ्याच्या आवाजात असतो. रॉक आणि रागसंगीत यांची नाती दाखवताना सतार वाजवलेल्या गाण्यांची यादी देतात. खरं नातं या गंधाराच्या जागेत अधिक आहे.

सतारीचा विषय निघालाच आहे, तर जबलपूरहून कटनीमार्गे सतन्याकडे जाणारी गाडी मैहरला थांबते, हे लक्षात ठेवण्याजोगं आहे. बाबा अल्लाउद्दीन खाँ तिथे राहत. रविशंकर त्यांच्याकडे तिथे शिकले, आणि १९६६ पासून बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन रविशंकरांकडे सतार शिकला. हॅरिसननं १९६८ च्या जानेवारीत मुंबईच्या एच.एम.व्ही. स्टुडिओत भारतीय वादकांसह ध्वनिमुद्रण केलं आणि त्याच वर्षी बीटल्सच्या अल्बमात त्याचं ‘व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स’ आलं. त्यात सतार नाही. ए मायनरवर सुरू होणारं कडवं आहे, आणि खर्जात षड्ज, कोमल निषाद, शुद्ध धैवत, कोमल धैवत अशी उतरण. मधल्या भागात षड्ज तोच ठेवून गाणं ए मेजरमध्ये जातं, म्हणजे कोमल गंधार शुद्ध होतो. अंधाऱ्या खोलीतली खिडकी उघडावी तसा तो क्षण आहे. आणि तो इतका उजळ लागतो कारण आधीची दोन-चार वाक्यं कोमल गंधारावर काढलेली असतात.

वेगाचाही विचार हवा. आयर्न मेडनचं १९८३ सालचं ‘द ट्रूपर’ ई मायनरमध्ये आहे आणि घोडदौडीच्या लयीत धावतं. ते ऐकून कुणी डोळे पुसत नाही. रोलिंग स्टोन्सचं १९६६ सालचं ‘पेंट इट ब्लॅक’ही तसंच. तेच कोमल स्वर विलंबित लयीत मन जड करतात आणि द्रुत लयीत अंगात त्वेष आणतात. मेटालिकाचं ‘नथिंग एल्स मॅटर्स’, १९९१ सालचं, ई मायनरमध्येच आहे पण संथ, आणि सुरुवातीला गिटारच्या मोकळ्या तारांवर उभं. नवशिक्याला पहिल्याच दिवशी त्याची पहिली ओळ वाजवता येते. ग्लेन शेलेनबर्ग आणि ख्रिश्चन फॉन शेव्ह या संशोधकांनी २०१२ मध्ये अमेरिकेतल्या गेल्या काही दशकांच्या लोकप्रिय गाण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला; साठच्या दशकापासून मायनर गाण्यांचं प्रमाण सतत वाढत गेल्याचं त्यात दिसलं. इतकी माणसं केवळ दुःखी व्हायला गाणी निवडत असतील, हे पटत नाही.

मराठी माणसांचे हात या संगीतात आहेतच. मुंबईत १९८४ साली सुरू झालेल्या ‘रॉक मशीन’चा, म्हणजे पुढच्या ‘इंडस क्रीड’चा गिटारवादक महेश तिनईकर. ‘रॉक ऑन’ला २००८ साली संगीत देणाऱ्या तिघांपैकी शंकर महादेवन हे श्रीनिवास खळे यांच्याकडे शिकलेले. ‘अभंग रीपोस्ट’सारखा मुंबईचा बँड तर संतांचे अभंगच रॉकच्या साजात गातो.

एकट्यानं गिटारवर सूर धरायचा असेल तर धानी गावा: सा, कोमल ग, म, प, कोमल नी. रॉकमधल्या असंख्य सोलोंचा पाया हे पाच स्वर आहेत. गिटारवर ए हा षड्ज धरून पाचव्या पट्टीवर पहिलं बोट ठेवावं. तिसऱ्या तारेवर पाचव्या पट्टीत कोमल गंधार मिळतो. तो वाजवून तार जराशीच ताणावी, शुद्ध गंधारापर्यंत न जाता मध्येच सोडावी. ब्लूजवाल्यांचा प्राण त्या मधल्या जागेत आहे, आणि मींड ऐकत वाढलेल्या मुलाला ती जागा दाखवावी लागत नाही. मात्र आधी गाऊन मग वाजवावं. जो गंधार गळ्यात नाही तो बोटांत येत नाही. तार किती ताणायची हे डोळ्यांनी मोजणारे वर्षानुवर्षं बेसूर राहतात. उन्हाळ्यात जबलपूरची कोरडी हवा आणि मग पावसाळा, यात लाकूड बदलतं आणि स्वर हलतात, म्हणून रोज वाजवण्याआधी गिटार पेटीशी नाही तर ट्यूनरशी मिळवून घ्यावी.

शेवटी एक ऐकण्याचा अभ्यास. पिंक फ्लॉइडचं ‘कम्फर्टेबली नम’, १९७९. कडवं बी मायनरमध्ये आहे, म्हणजे षड्ज पांढरी सात. कडव्याच्या कॉर्ड एकेक पायरी उतरत ई मायनरपर्यंत येतात आणि परत फिरतात. मग ध्रुवपद येतं आणि गाणं एकदम मोकळं होतं. हॅरिसननं षड्ज तोच ठेवून गंधार बदलला होता. इथे गंधाराला हात लावलेला नाही; जो कोमल गंधार होता तोच नवा षड्ज झाला आहे, डी मेजर, पांढरी दोन. आपल्याकडे याला मूर्च्छना म्हणतात. पेटीवर एका हातानं पांढरी सात धरून गाणं लावावं आणि ध्रुवपद सुरू होताच बोट पांढरी दोनवर न्यावं. पुढच्या कडव्याला पुन्हा पांढरी सात. दोन-तीन दिवसांत बोट गाण्याच्या आधी हलू लागेल, आणि मग हीच परीक्षा ‘हॉटेल कॅलिफोर्निया’च्या ध्रुवपदावर घ्यावी. तिथे गाणं मायनर सोडून नेमकं कोणत्या स्वरावर जातं, ते नातवंडानं गिटारवर शोधावं आणि आजोबांनी पेटीवर.